चांदवडला गेलेला सूचक

सातपूरच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासनीस होतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची, हे माझं काम. मशिनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, गेजच्या मापाला लावायचा. बसला तर पुढे जाऊ द्यायचा, नाही बसला तर लाल ठिपका देऊन बाजूला काढायचा. करणारा कितीही ओळखीचा असो, त्याचा जॉब न तपासता सोडायचा नाही. त्यामुळे कारखान्यात मला मित्र कमी आणि चहा पाजणारे जास्त होते. निवृत्तीच्या दिवशी बिल्ला आणि डब्याच्या कपाटाची किल्ली परत केली, तशी ही सवयही परत करता आली असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्याबरोबर गावी आली. दूध घेताना मी माप बघतो, गॅसची टाकी उचलून बघतो, लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त पंचांगाशी ताडून बघतो. बायको म्हणते, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी घंटेला टिचकी मारून बघाल." मला यात टोमणा दिसत नाही. घंटेला चीर असू शकते.

आमचं गाव नाशिकच्या विमानतळापासून जवळ, मध्ये दोन शिवारं आणि एक नाला. मोठ्या विमानांबद्दल गावाची तक्रार नव्हती. ती दिवसातून मोजकीच, येतात आणि जातात. तक्रार होती ती वैमानिक तयार करणाऱ्या एका खासगी कंपनीच्या छोट्या विमानांची. शिकाऊ माणसाला घेऊन विमान उडायचं, नाल्यावरून वळायचं, आमच्या शाळेच्या पत्र्यावरून जायचं, पुन्हा धावपट्टीला टेकून पुन्हा उडायचं. एक गेलं की दुसरं. गावातली पोरं त्याला चकरी म्हणायची.

शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची, आणि त्यातल्या एका खोलीत माझी बायको शिकवते. तिची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. चकरी आली की ती खडू धरलेला हात वर करायची. हात वर असेपर्यंत वर्ग गप्प. सतराचा पाढा चालू असेल तर पोरं 'सतरा सक' वर थांबायची, आणि हात खाली आला की 'एकशे दोन' म्हणायची. पाहुणे आले की त्यांना याची गंमत वाटायची. मला वाटायची नाही, कारण दूर गेलेल्या चकरीच्या घरघरीवर ओरडून शिकवून संध्याकाळी घरी आलेल्या बायकोचा आवाज मी ऐकत होतो. आधी तो बसायचा आणि सकाळी सुटायचा. मग सकाळीही सुटेना. डॉक्टरांनी सांगितलं की बोलणं कमी करा, आणि ती मास्तरीण.

मी वही केली. चकरी गेली की वेळ लिहायची. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप मीच काढलेला, त्यावर रोज संध्याकाळी त्या वेळा टाकायच्या. कंपनीचा जनसंपर्क बघणारा एक गोडबोल्या माणूस होता, त्यालाही मी ग्रुपमध्ये घेतलं. वाचू दे, लाज वाटू दे. तो प्रत्येक यादीखाली दोन हात जोडलेलं चित्र टाकायचा. ते नमस्काराचं आहे की माफीचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि म्हणून मी त्याच्यावर पहिल्या दिवसापासून संशय घेतला.

मग संधी आली. कंपनीला गावाच्या हद्दीत शिकाऊ मुलांसाठी वसतिगृह बांधायचं होतं. जमीन घेऊन झाली होती, आता ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हवा होता. आम्ही म्हटलं, आता सापडले. दाखला देऊ, पण एका अटीवर: शाळेच्या वेळेत गावावरून चकऱ्या नाहीत. तसा ठराव ग्रामसभेत करायचं ठरलं.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. ग्रामसभेच्या ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. म्हणजे एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने त्याला पाठिंबा द्यायचा. अनुमोदक कुणीही चालतो. सूचक मात्र एकाच घरातला. शाळेला जागा ज्यांनी दिली त्या म्हाताऱ्यांचं नाव वर्षानुवर्षं त्या रकान्यात लिहिलं गेलं. ते गेल्यावर त्यांच्या मुलाचं. तो सभेला असो नसो, बोलो न बोलो, ग्रामसेवक, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो, 'सूचक' लिहिल्यावर विचार न करता त्याचं नाव लिहून मोकळे होतात. बदलून आलेल्या नव्या भाऊसाहेबांनाही जुने भाऊसाहेब तेवढं सांगून जातात. गावाने मान दिलेला आहे, तो कोण काढणार?

तो मुलगा म्हणजे माझा मित्र. आम्ही पहिलीत शेजारी बसलो तेव्हापासूनचा. मी सातपूरला गेलो, तो शेतात राहिला. पण मी सुट्टीला आलो की पहिला चहा त्याच्याकडे, आणि निवृत्तीनंतर तर रोजचा.

दुसरी रीतही सांगून टाकतो. सभेच्या हजेरीच्या सह्या शिपाई आधीच घरोघर फिरून घेतो. कोरम भरला नाही म्हणून सभा मोडायला नको, एवढाच त्यात हेतू. गावात राहायला आलो तेव्हा मला हे बघून संताप आला होता. न तपासता पास केलेला माल. मी तालुक्याला जाऊन पंचायत समितीत लेखी तक्रार दिली, तीन मुद्दे, खाली सही. त्याचं पुढे काही झालं नाही. मीही हळूहळू रुळलो. शिपाई दारात आला की चष्मा शोधायचा आणि सही करायची.

विशेष ग्रामसभेचा दिवस ठरला, आणि नेमका त्या दिवशी मित्र कांदा घेऊन चांदवडला निघाला. भाव बरा होता आणि कांदा साठवायच्या चाळीतला माल मऊ पडायला लागला होता, त्याला थांबणं शक्य नव्हतं. आदल्या दिवशी सकाळी मी शिपायाकडून रजिस्टर घेतलं आणि त्यालाही बरोबर घेऊन मित्राच्या चाळीवर गेलो. मित्र कांदे निवडत बसला होता. मी म्हटलं, "उद्या तू नाहीस. सही करून ठेव. हजेरीला एक आणि ठरावाखाली सूचक म्हणून एक."

त्याने हात झटकले. "मी नसतांना मी सुचवलं? आन हे तू सांगतो? तू तर मिठाची पुडी बी वजन करून घेतो."

"रीत आहे आपली," मी म्हणालो.

"रीत हाय ते ठावं हाय मला. पर हे कोरटात गेलं मंग?"

"ग्रामपंचायतीचा ठराव कशाला जातोय कोर्टात?"

तो माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, "आन इकडं पेन," आणि सही केली. बोटाला लागलेली माती कागदावर उमटली. ती मी रुमालाने पुसली.

ग्रामसभा मात्र अस्सल झाली. मी आजवर बघितलेली सगळ्यात खरी. शाळेच्या पटांगणात बसायला जागा नव्हती, बाया पहिल्यांदा एवढ्या संख्येने आल्या होत्या. भाऊसाहेब ठराव वाचायला उभे राहिले आणि वरून चकरी आली. भाऊसाहेबांनी सवयीने हात वर केला. त्यांची मुलगी माझ्या बायकोच्या वर्गात आहे, तिच्याकडून उचललं असणार. सगळं पटांगण गप्प बसलं, आणि चकरी गेल्यावर सगळे एकदम हसले. हात वर करून ठराव मंजूर झाला. अनुमोदक मी. दुपारी मित्राने ग्रुपवर चांदवडच्या मार्केटमधून आपल्या ट्रॉलीचा फोटो टाकला होता, त्याखाली मीही आनंदाच्या भरात दोन ओळी लिहिल्या. त्या संध्याकाळी बायकोने गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या आणि म्हणाली, "झालं एकदाचं." मला तेव्हा खरोखर सुख वाटलं.

दोन महिन्यांनी उच्च न्यायालयाची नोटीस आली. सरपंचबाई कागद घेऊन घरी आल्या. त्या माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, मला काका म्हणतात. "काका, कंपनीनं केस घातली आपल्यावर."

कंपनीचं म्हणणं दोन मुद्द्यांचं. पहिला, विमानं कधी आणि कुठून उडतील हे केंद्र सरकार ठरवतं. जमिनीच्या दाखल्यात आकाशाची अट घालायचा ग्रामपंचायतीला अधिकार नाही. हे मला अपेक्षित होतं. दुसरा मुद्दा वाचला आणि माझे कान तापले. ही ग्रामसभाच संशयास्पद आहे, या गावात सह्या आधीच घरोघर फिरून घेण्याची पद्धत आहे, आणि ठरावाचे सूचक सभेच्या वेळी चांदवडच्या मार्केट यार्डात होते.

पुढे जोडपत्रांचा गठ्ठा होता, तो परस्पर आमच्या वकिलांकडे मुंबईला गेला होता. तो मागवून बघावा, असं मला वाटलं नाही. पुरावा काय आहे ते बघण्यापेक्षा फितूर कोण आहे ते शोधणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

आणि शोध सोपा होता. सही आदल्या दिवशी घेतली हे तिघांना माहीत होतं. मला, मित्राला, शिपायाला. मी सांगितलेलं नाही. शिपाई तीस वर्षं पंचायतीचा, त्याला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत. राहिला कोण? मनात हे आलं तेव्हा मी ते झटकलं, खोटं कशाला सांगू. पण झटकलेली गोष्ट दारातच बसून राहिली. मित्राची सून कंपनीच्या ऑफिसात संगणकावर कामाला होती. कंपनीची पांढरी गाडी मी त्या आठवड्यात त्याच्या दारात दोनदा बघितली. दुसऱ्या वेळी तर मी नाल्याच्या पुलावर मुद्दाम थांबलो, गाडी निघेपर्यंत. गोडबोल्या खाली उतरून मित्राशी बोलत होता आणि मित्र खाली मान घालून ऐकत होता. नंतर चहाला गेलो तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोण आलं होतं?"

"कुनी नाय. असंच."

असंच म्हणजे काय? पन्नास-पंचावन्न वर्षांत तो मला कधी 'असंच' म्हणाला नव्हता. मी पुढे बघत राहिलो. तो सरपंचबाईंकडच्या बैठकीला आला नाही. ग्रुपवर रोज कांद्याचा भाव टाकायचा, तो त्याने बंद केला. फोन एका घंटीत उचलणारा माणूस चार घंट्या वाजू द्यायला लागला. एकदा म्हणाला, "मिटवून टाका ना गड्या, त्यांचंबी पोट हाय." मी घरी येऊन हे सगळं वहीत लिहिलं, चकऱ्यांच्या वेळा लिहायचो त्याच वहीत, मागच्या बाजूने. बायकोने ते पान बघितलं. वही मिटून ठेवली.

एका सकाळी डेअरीवर सगळे जमले होते. मित्र कॅन घेऊन आला. माझ्या तोंडात कडू झालंच होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काय रे, सुनेला नोकरी दिली त्याची फेड चाललीय का कंपनीची?"

"कशाची फेड?"

"तू चांदवडला होतास आणि सही आधीच केलीस, हे कोर्टाला कुणी सांगितलं? तिघांनाच ठाऊक होतं. मी नाही, शिपाई नाही."

"मंग?"

"मग तूच हिशेब कर."

डेअरीतली चार-पाच माणसं दुधाच्या मशिनकडे बघायला लागली. मित्राने कॅनचं झाकण लावलं, दोनदा दाबून बसवलं. "केला," म्हणाला, आणि दूध न घालताच गेला. मला वाटलं, पकडला गेला म्हणून पळाला. मी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यानंतर चार महिने आम्ही बोललो नाही. तो डेअरीवर माझ्या आधी यायला लागला. समोरून आला तर मोटरसायकल हळू करायचा नाही. मी म्हणायचो, चोराच्या मनात चांदणं. असं म्हटलं की मला बरं वाटायचं, पण ते दुपारपर्यंतच टिकायचं. रोज साडेसातला चहाची वेळ झाली की पाय आपोआप चपलेकडे जायचे आणि मग मी उगाच नळ बघून यायचो.

सुनावणीच्या दिवशी सरपंचबाई, भाऊसाहेब आणि मी गाडीने मुंबईला गेलो. पहाटे निघालो होतो, कसाऱ्याचा घाट उतरल्यावर उजाडलं. आमची वकील तिशीतली मुलगी, केस वर बांधलेले, टेबलावर जागा नाही म्हणून फायली जमिनीवर रचलेल्या. माझं नाव ऐकल्यावर ती जरा थांबली. "अनुमोदक तुम्हीच ना? मग हे तुम्ही आधी बघा. मला उत्तर द्यावं लागेल, तर तुमच्याकडूनच कळेल." तिने गठ्ठ्यात चिठ्ठी लावलेली दोन पानं उघडून माझ्यासमोर ठेवली.

पहिलं पान हस्ताक्षरातलं होतं. अक्षर मला लगेच ओळखीचं वाटलं. एक, दोन, तीन असे मुद्दे, प्रत्येक मुद्द्याखाली पट्टीने ओढलेली रेघ. 'आमच्या गावात ग्रामसभेच्या सह्या शिपायामार्फत घरोघर फिरून सभेपूर्वीच घेतल्या जातात, सबब अशा सभांचे ठराव विश्वासार्ह मानता येत नाहीत.' खाली माझी सही. पंचायत समितीत धूळ खात पडलेली माझी तक्रार, कंपनीने माहितीच्या अधिकारात काढून आणली होती.

दुसरं पान व्हॉट्सअॅप ग्रुपच्या स्क्रीनशॉटचं. मित्राच्या ट्रॉलीचा फोटो, मागे चांदवडच्या यार्डाची पाटी, आणि त्याखाली ग्रुपचा प्रमुख म्हणून मी लिहिलेल्या दोन ओळी: 'ग्रामसभा दणक्यात झाली. सूचक म्हणून तुझंच नाव घातलंय, पण तू इथे हवा होतास.' दिवस होता, वेळ होती. ग्रुपमध्ये गोडबोल्याला मीच घेतलं होतं.

पान उलटून मागे आणखी काही आहे का ते मी बघितलं. मागे काही नव्हतं. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या जॉबला गेज लावला, आणि माझा हा जॉब मी कधी तपासलाच नाही. खोट दोन्हीकडे माझीच होती आणि लाल ठिपका मी मित्राला देऊन बसलो होतो. मला डेअरीवरचं झाकण आठवलं, दोनदा दाबून बसवलेलं. लाज वाटली म्हणणं कमी पडेल. मला तिथून उठून बाहेर जावंसं वाटलं, पण सरपंचबाई शेजारी बसल्या होत्या आणि बाहेर कुठे जायचं तेही ठाऊक नव्हतं.

"तुमच्या मित्राला कंपनीने प्रतिज्ञापत्र मागितलं होतं," वकील म्हणाली. "की मी ठराव सुचवलाच नव्हता. ते दिलं असतं तर आपण अडचणीत आलो असतो. त्यांनी दिलेलं दिसत नाही."

कोर्टात आमचा नंबर दुपारी लागला. दोन न्यायाधीश. कंपनीचे वकील रजिस्टर, सह्या, चांदवड असं सुरू करत होते, तेवढ्यात वरिष्ठ न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, ते नंतर. आधी ग्रामपंचायतीला विमानाची वेळ ठरवायचा अधिकार कुठल्या कायद्याने, ते त्यांच्या वकिलांना सांगू द्या. आमच्या वकील मुलीने शाळेची बाजू नीट मांडली. पाढा मध्ये थांबतो हेही सांगितलं. दुसरे न्यायाधीश ऐकताना हसले नाहीत, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पण निकाल पंधरा मिनिटांत झाला. दाखल्यातली अट रद्द. विमानांच्या वेळेबद्दल गावाला केंद्राच्या विमान वाहतूक कार्यालयात अर्ज करता येईल, त्यांनी गावाचं ऐकून निर्णय द्यावा. आणि शेवटचं वाक्य: सह्यांच्या मुद्द्यात जाण्याची गरज नाही.

मी ते वाक्य त्या मुलीला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. गरज नाही. ज्या मुद्द्यावर मी चार महिने पहारा दिला, तो कोर्टाने उघडून बघितलाही नाही.

परतीच्या वाटेवर घाटात सरपंचबाईंनी डबा उघडला. "काका, अर्ज तरी करता येतोय. आपण हरलो असं नाही ना?" मी म्हणालो, नाही. भाऊसाहेबांनी पुढच्या सीटवरून विचारलं, नवीन अर्जाला पुन्हा ठराव लागेल का, आणि मग सूचक कोण लिहायचं? सरपंचबाईंनी डबा त्यांच्याकडे सरकवला.

घरी बायको जागी होती. मी तिला दोन्ही पानांचं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. तिचा आवाज बसलेला होता, म्हणून ती हळू आणि मोजकं बोलली. "सून दोन महिने झाले घरी आहे. सासऱ्यांनी कागदावर सही केली नाही, मग कंपनीने तिला सांगितलं की उद्यापासून येऊ नका. गोडबोल्या गाडी घेऊन त्या सहीसाठीच यायचा. तुमचा मित्र म्हणायचा, सही माझीच हाय, मी नाय म्हननार नाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही वहीत लिहून ठेवलं होतंत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही वहीत नोंद करून."

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी मित्राकडे गेलो. तो चाळीच्या सावलीत बसला होता. सून पायरीवर लसूण सोलत होती, मला बघून आत गेली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तक्रार माझी, ग्रुपवरच्या त्या दोन ओळी माझ्या, माणूस ग्रुपमध्ये घेतला मी. चुकलो म्हणालो. दोनदा म्हणालो. त्याने सगळं ऐकलं.

"सांगितलं ना? बरं झालं." त्याने एक कांदा उचलून दाबून बघितला आणि बाजूला टाकला. "जा आता. कामं हायेत."

चहाचं त्याने विचारलं नाही. मीही मागितला नाही.

महिन्याभराने अर्जासाठी पुन्हा ग्रामसभा बसली. या वेळी मी हट्ट धरला होता की एकही सही आधी घ्यायची नाही. प्रत्येकाने पटांगणात यावं, टेबलाशी उभं राहून सही करावी, आणि टेबलावर मी बसणार. शिपायाला ते आवडलं नाही, पण सरपंचबाईंनी मान्य केलं. लोक रांगेत आले. मी प्रत्येकाचं तोंड बघून रजिस्टर पुढे सरकवत होतो. शेजारची खुर्ची मी पिशवी ठेवून धरली होती. मित्र येईल की नाही, हे मला माहीत नव्हतं.

ठराव वाचून झाला. भाऊसाहेबांनी 'सूचक' लिहिलं, पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पटांगणाकडे बघितलं. मागे लिंबाखाली बाया बसल्या होत्या, त्यांच्याही मागून मित्र उठला. माणसांमधून वाट काढत टेबलाशी येऊन उभा राहिला. मी रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं आणि पेन पुढे केलं. त्याने पेन घेतलं नाही.

"आदी बघून घे," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या दोन रांगांना ऐकू गेला. "हाय ना मी हितं?"

"आहेस."

"नीट बघ. लय बारीक बघतो तू."

मी वर बघितलं. डोळ्यांखाली त्याचं कातडं सैल झालं होतं, कानाजवळचे केस पांढरे. चार महिन्यांत मी त्याच्यावर एवढी नजर ठेवली होती आणि यातलं काहीच बघितलं नव्हतं. मी मान हलवली.

"मंग लिवा," तो भाऊसाहेबांना म्हणाला. भाऊसाहेबांनी नाव लिहिलं. त्याने पेन घेऊन सही केली, हजेरीला एक आणि ठरावाखाली एक. मग मी पिशवी उचलायच्या आत तो वळला आणि जिथून आला होता तिथे, लिंबाखाली बायांच्या मागे जाऊन बसला. सभा संपेपर्यंत माझ्या शेजारच्या खुर्चीवर पिशवीच होती.